ज्वारीवर गहू

चक्कीचा एक नियम कुठं लिहिलेला नव्हता:
ज्वारीवर गहू दळायचा नाही.
दगडाच्या खाचांत आधीच्याचं ओंजळभर पीठ राहतंच,
ते पुढच्याच्या डब्यात पडतं.
कोणाचं कोणावर, यावरून
धामकीत दोन भांडणं झाली,
एक सोयरीक मोडली.

म्हणून वामनराव पाटलाचा गहू सकाळी,
पट्टा चढताच.
आणि गुंफाबाई आपली ज्वारी घेऊन
मुद्दाम त्याच्या पाठीला पाठ लावून उभी.
पहिल्या दोन मुठी जरा तांबूस पडायच्या,
ती डबा ठोकायची, म्हणायची,
"पाटलाचा पयला घास माया घरी."

तेव्हा गहू पाहुणा होता.
पोळ्याला यायचा, अखाजीला यायचा,
जावयाच्या मागोमाग यायचा.
बाकी वर्षभर भाकर.
उडीद मिसळला तर कळण्याची,
उन्हाळ्यात ताकातल्या कण्या,
आणि अंबाडीची भाजी, जिच्यावर तेल
पाहुणा बघत असेल तरच दिसायचं.

माझ्या बापानं मिलो दळली, बहात्तरच्या दुष्काळात.
तांबडी, बोटीतून आलेली.
"तिकडं ढोरं खातात म्हन्ते," तो सांगायचा,
"आन इकडं रांग."
त्या पिठाचा वास त्याच्या सदऱ्यातून
दोन दिवाळ्या गेला नाही.

मग हायब्रीड.
दाणा टपोरा, कणीस भरगच्च, भाकर मुकी.
थापता थापता कडेनं चिरायची.
लोक नावं ठेवत खात राहिले.

मग सोयाबीन.
ते माझ्या दारावरून ट्रॅक्टर भरभरून गेलं,
एकदाही आत आलं नाही.
धुऱ्याकाठी कोणी चार ओळी ज्वारी पेरली
तर रात्री डुकरं, दिवसा पाखरं.
पेरणाऱ्यानंही मग नाद सोडला.

एका मंगळवारी गुंफाबाईच्या डब्यात गहू निघाला.
मी विचारलं, "सन कोनता हाये वो?"
"कार्ड," ती म्हणाली.

त्यानंतर बरीच वर्षं
भाकर शाळेच्या डब्यात झाकणाआड खाल्ली जायची.
पोरीच्या बैठकीत सांगायचे,
आमच्याकडे दोन्ही टाइम पोळ्याच.
मीही ज्वारीसाठी वेगळा वार ठेवला, शुक्रवार.
शुक्रवारी चक्की जवळजवळ बंदच असायची.

आता पाटलाचा मधुसूदन येतो,
मोटरसायकलच्या टाकीवर सहा किलो ज्वारी,
आर्वीहून आणलेली, पिशवीवर भाव छापलेला.
शुगर तीनशे दहा निघाली.
डॉक्टरनं गहू तोडला.
म्हणतो, "काका, आधी दगड साफ करा,
गव्हाचा कण नको त्यात."

मी चाळणी झटकली, दगड ब्रशनं खरवडला,
घरची मूठभर ज्वारी फिरवून बाजूला काढली.
त्याच्या बापासाठीही एवढं केलं नव्हतं.

पण पाटलाच्या घरी आता भाकर कोणाला येते?
सून व्हिडिओ लावून बसली.
पहिली परातीलाच चिकटली, दुसरी उचलताना तुटली,
तिसरीच्या वेळी मोबाइल पिठात.
शेवटी गुंफाबाईला बोलावणं गेलं.
अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, ओट्यापाशी उभी राहिली,
पिठात बोट घालून म्हणाली,
"पानी ऊन पायजे, बाई.
शुगर-बिगर मंग पाहू."
शेजारच्या दोन घरांनी थापेचा आवाज ऐकला
आणि टीव्ही बारीक केला.

पाच भाकरींचे पन्नास रुपये.
सहावी तिनं मागून घेतली.

परतताना चक्कीवर थांबली.
पदरातून भाकर काढली, अजून वाफाळती,
अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवली.
मी चावत राहिलो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.
"काऊन, कायची चव येते?"

"गव्हाची," मी म्हणालो.

ती इतकी हसली की तिला ओटीवर बसावं लागलं.
दगड तर मी स्वतः पुसला होता.